बाटलीत उरलेलं औषध

१

गोदाच्या रक्ताचा रिपोर्ट डॉ. योगेश देवरे यांनी दोनदा वाचला आणि प्रयोगशाळेला तपासणी पुन्हा करायला सांगितली. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला.

गोदा गांगुर्डे, वय सव्वा वर्ष. आधी ताप, मग उलट्या, आणि शेवटी हाक मारली तरी डोळे न उघडणारी झोप. त्या अवस्थेत तिला नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या मुलांच्या रुग्णालयात आणलं होतं. यकृत सुजलेलं होतं. त्यामागे एखादा विषाणू असेल असं आधी सगळ्यांना वाटलं. रक्तात सापडलं ते पॅरासिटामॉल, घरोघरी कपाटात असतं ते तापाचं साधं औषध.

योगेशनी रुग्णालयाच्या औषध विभागाच्या प्रमुखांना खाली बोलावून घेतलं. डॉ. प्रतिभा जेजुरकर मूळच्या औषधशास्त्राच्या. त्या कमी बोलायच्या आणि त्यांना सगळं मोजून बघायची सवय होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बाटली हाती लागली असेल आणि एकदम प्यायली असेल, असं होऊ शकतं?" योगेशनी विचारलं.

"मग चित्र उलटं दिसलं असतं. रक्तात औषध खूप, पण यकृत अजून बरं. इथे रक्तात आहे त्याच्या मानानं यकृताचं नुकसान जास्त झालंय. हे एका वेळचं नाही. रोज थोडं थोडं जास्त गेलंय, आणि तेही सलग काही दिवस."

"उतारा सुरू केलाय. पोरगी सावरतेय."

तेवढ्यात दार ढकलून गोदाचे वडील आत आले. ललित गांगुर्डे, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रात्रपाळीनं त्यांचे डोळे लाल झाले होते.

"डॉक्टर, सुट्टी मिळाली की मी गोदाला थेट चांदवडला नेणार. माझी आई सांभाळेल तिला. हिच्या हातात आता मी माझी पोरगी देत नाही."

ज्यांच्याविषयी ते बोलत होते त्या त्यांच्या मागेच उभ्या होत्या. हर्षाली गांगुर्डे. धुतलेलं झबलं-टोपरं भरलेल्या हातातल्या पिशवीचा बंद त्यांनी दोनदा बोटाला गुंडाळला आणि सोडला.

ते दोघं गेल्यावर योगेश म्हणाले, "मॅडम, पोलिसांना कळवायचं ते कळवून झालंय. त्यांच्या लेखी ही घरातली चूक. पण जिथून हे औषध आलं तिथेच मी तिला परत पाठवली, तर पुढचा ताप तिला झेपेलच असं नाही. माझ्यासमोर सगळे एकच वाक्य म्हणतात, बरोबर दिलं. तुम्ही बोलून बघता?"

२

हर्षाली सिडकोतल्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. प्रतिभाताईंनी काही विचारण्याआधीच त्यांनी पर्समधून औषधाची बाटली आणि सुईविना सिरिंज काढून टेबलावर ठेवली.

"दर वेळी पाच मिली. दिवसातून चार वेळा. मध्ये सहा तासांचं अंतर. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच."

"चमच्यानं कधी दिलं?"

"चमच्यावर माझा विश्वास नाही. प्रत्येक घरात चमचा वेगळा असतो."

"याच औषधाचे थेंब मिळतात. ते फार तीव्र असतात. ते घरात होते?"

"नाहीत. मला माहीत आहे तो फरक. मॅडम, गोदा जन्मल्यापासून मी याच्यावर इतकं वाचलंय..." त्या थांबल्या. "ललितचं म्हणणं, मी वाचून वाचूनच बिघडवलं सगळं."

"तापाची भीती वाटते तुम्हाला?"

"तापाची वाटते, आणि औषधाची त्याहून जास्त. ती तापली की मला वाटतं फिट येईल. औषध भरलं की वाटतं, या एवढ्याशा यकृताला आपण काय करतोय. शेजारच्या बाई म्हणतात, एवढं काय त्यात, आम्ही तर तोंड उघडून ओततो." हर्षालींनी हसण्याचा प्रयत्न केला. "तशी आई मला होता येत नाही."

प्रतिभाताईंनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. आत लालसर, गोड वासाचं सिरप होतं. ही बाटली साठ मिलीची. ताप आल्यापासून गोदाला इथे आणेपर्यंतचे तीन दिवस, रोज चार वेळा, दर वेळी पाच मिली, तर ती कोरडी व्हायला हवी होती.

"ही एकच बाटली आणली होती?"

"एकच."

बाटली अर्धी भरलेली होती.

प्रतिभाताईंनी ती खाली ठेवली आणि हर्षालींकडे पाहिलं. हर्षालींनी नजर वळवली. त्या खोटं बोलत होत्या हे उघड होतं. कोड्यात टाकणारी गोष्ट दुसरीच होती. जास्त औषध दिलेली आई 'कमी दिलं' असं सांगते. या आईनं कमी दिलं होतं, आणि सांगत मात्र होती की पूर्ण दिलं.

३

"दुसरी बाटली असणार," ललित म्हणाले. "टाकली असेल कुठे तरी. आणि मॅडम, त्या पाळणाघराकडेही बघा. मी पालकांच्या ग्रुपवर टाकलंय सगळं."

पाथर्डी फाट्याजवळच्या रो-हाऊसमध्ये मनीषाताई पाळणाघर चालवायच्या. दारातच त्यांनी विचारलं, "आधी सांगा, तुम्ही पोलीस की पेपरवाल्या?"

"दोन्ही नाही. औषधांचं काम बघते."

"मग बसा. त्या गांगुर्डेंनी ग्रुपवर टाकल्यापासून दोन पोरं बंद झाली माझी. मी औषध देतच नाही हो. बाटली घेऊन आलेल्या आईला मी बाटलीसकट परत पाठवते." त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "काही आया काय करतात माहितीये? पोरगं तापलेलं असतं. सकाळी औषध पाजायचं, अंग गार करायचं, माझ्या दारात सोडायचं आणि ऑफिसला पळायचं. दुपारी पोरगं फणफणतं. मी त्याला दारापुरतं गार म्हणते."

"गोदा?"

"ताप आल्यावर ती दोनच दिवस आली. दोन्ही दिवस गार आली, केस घामानं ओले. मी हर्षालीला विचारलं, सकाळी दिलंस का औषध? तर शपथेवर नाही म्हणाली. ताप उतरलेला दिसला म्हणून दिलंच नाही, म्हणे. मी म्हटलं, बरं बाई, नसशील दिलं."

"तुमचा विश्वास बसला नाही."

"बसला नव्हता. पण एक सांगते. ती खोटं बोलायला लागली की आधी कपाळावरचे केस मागे घेते. फी उशिरा दिली की हमखास. त्या दिवशी घेतले नाहीत."

"आणखी काही लक्षात राहिलं? अगदी किरकोळ असलं तरी."

"लाळेरं. सकाळी आली तेव्हाच त्यावर पिवळा डाग होता. म्हटलं धुऊन टाकावं, आईला परत देताना बरं दिसतं. साबण लावला तर डाग लालभडक झाला. म्हटलं पोरीच्या तोंडातून रक्त येतंय की काय. पाण्यात खळबळलं तर परत पिवळा."

"ते रक्त नव्हतं," प्रतिभाताई म्हणाल्या.

"मग काय होतं?"

प्रतिभाताई पाण्याचा ग्लास ठेवून उठल्या. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शाळेत प्रयोग म्हणूनही करून दाखवतात. सव्वा वर्षाच्या मुलीच्या वरणभातात हळद असतेच. पण लाळेऱ्यावर डाग होता तो भल्या सकाळी, पाळणाघरात आल्या आल्या. त्या वेळी वरणभात कोण भरवतं?

४

त्या परत आल्या तेव्हा वॉर्डात गोदा जागी होती. पायाला नावाची पट्टी, हाताला सलाईन, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाविषयीची नाराजी. परिचारिका तृप्ती तिला जीवनसत्त्वाचं औषध पाजायच्या खटपटीत होती.

"बघा ना मॅडम. सिरिंज दिसली की दातखीळ. गोड आहे गं बाई, गोड!"

गोदानं तोंड आणखी घट्ट मिटलं. तृप्तीनं कंटाळून औषधाचा थेंब स्वतःच्या बोटावर घेतला. बोट ओठांजवळ येताच गोदानं तोंड उघडलं, बोट चाटलं आणि जीभ पुन्हा बाहेर काढली.

"अगं चोरटे! बोटानं हवंय होय तुला?"

"तृप्ती, दुसरं काही कडू असेल तर तेही असंच देऊन बघा."

पुढची मात्रा कडू औषधाची होती. गोदानं तोंड वाकडं केलं, अंग शहारलं, पण बोट सोडलं नाही. चाटून झाल्यावर ती पुढच्या बोटाची वाट बघू लागली. कडू चव तिला नवी नव्हती. कडू औषध बोटावरून येतं, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं.

वॉर्डाबाहेर बाकावर ललितच्या आई बसल्या होत्या. चंद्रभागाबाई. चांदवडला कांद्याची शेती, घरात चार माणसं राबणारी. सून नोकरीवर परत रुजू झाली तेव्हापासून नातीसाठी त्या नाशकात येऊन राहिल्या होत्या; दिवसभर एकटीनं नातीमागे धावणं या वयात होत नव्हतं, म्हणून दिवसा पाळणाघर. प्रतिभाताईंना पाहून त्या उठायला गेल्या आणि गुडघा धरून परत बसल्या.

"बसा आई. गुडघे फार दुखतात?"

"या आठवड्यात लय दुखत्यात. जिना उतरवना. म्हातारपण, दुसरं काय."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हायेत की. ललित आणून देतो पाकीट. त्याच पांढऱ्या. ताप, अंगदुखी, समद्यावर चालत्यात म्हणतो. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक, चुकत नाय मी."

"गोदाला तापाचं औषध तुम्ही कधी दिलंत?"

"नाय बा. बाटलीला मी हात लावत नाय. सून काटेकोर हाय माझी. तिचं तिला करू द्यावं."

"ललित म्हणतात, हर्षालींनीच जास्त दिलं."

चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला. "तो रात्री कामावर, दिवसा झोपलेला. त्याला काय ठावं? ती जास्त देणारी नाय हो ताई. उलट..."

"उलट काय?"

"काय नाय. पोरगी बरी होऊ द्या. मग नेते मी चांदवडला. मोकळ्या हवेत खेळंल."

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. एवढ्या घरात हर्षालींची बाजू घेणारं माणूस एकच होतं, आणि तेही वाक्य अर्धं टाकून गप्प झालं होतं.

५

दुसरी बाटली दाखवायला ललित स्वतः प्रतिभाताईंना घरी घेऊन गेले. इंदिरानगरमधला दोन खोल्यांचा नीटनेटका फ्लॅट. त्यांनी स्वयंपाकघरातले चार खण उघडले आणि पाचवाही. औषधांचा डबा कुठे असतो ते त्यांना माहीत नव्हतं. तो फ्रिजवर, त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांना तो प्रतिभाताईंनी दाखवला.

दुसरी बाटली डब्यात नव्हती. कचऱ्याच्या पिशवीत नव्हती. गच्चीवरच्या अडगळीतही नव्हती.

"तरी पण मॅडम..."

"तुम्ही गोदाला कधी औषध दिलंय?"

"हर्षाली देऊच देत नाही कुणाला. आणि मी दिवसा झोपतो हो. रात्री ती रडायला लागली की मी कामावर असतो. फोनवर सांगतो, तुला कळतंय ना, तू बघ."

ते फोन घ्यायला बाहेर गेले. प्रतिभाताई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. छोटा गणपती, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. सगळ्यांच्या कपाळी लालसर अष्टगंध, आणि त्याची तयार डबी शेजारीच. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर एक सहाण होती, चंदन उगाळायचा गोल दगड.

चंदनाचं खोड मात्र कुठेच नव्हतं.

त्यांनी सहाण उचलली. ती स्वच्छ पुसलेली होती, पण कडेच्या खाचेत पिवळसर रेघ राहिली होती आणि तिच्यावर वाळलेली पांढरी पूड. ज्या घरातले देव डबीतलं गंध लावतात त्या घरात सहाण कशासाठी लागते? फळीच्या मागे हात घातल्यावर कापडाची पुरचुंडी लागली. हळकुंड, जायफळ, सुंठ, वेखंड, मुरडशेंग. बाळगुटीचं सगळं सामान, एका बाजूनं उगाळून सपाट झालेलं.

यातली प्रत्येक वस्तू उगाळल्यावर पिवळट, तपकिरी किंवा काळपट उतरते. पांढरी एकही नसते.

प्रतिभाताईंनी नखानं पांढरी पूड खरवडून थोडी कागदात बांधली. राहिलेला कण जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच तोंड धुतलं. ती चव त्या महाविद्यालयात असल्यापासून ओळखत होत्या.

६

त्यांनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. योगेशही येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. टेबलावर सहाण, वाटीत पाणी, हळकुंड आणि पाकिटातून काढलेली एक पांढरी गोळी होती.

सहाण बघताच चंद्रभागाबाई म्हणाल्या, "ही आमची हाय."

"हो आई. मी न विचारता आणली. रागवा माझ्यावर, पण आधी ऐका." प्रतिभाताई हर्षालींकडे वळल्या. "बाटलीत औषध जास्त उरलं. दुसरी बाटली कुठेही नव्हती. म्हणजे तुम्ही कमी दिलंत. साधारण निम्मं."

हर्षालींनी कपाळावरचे केस मागे घ्यायला हात उचलला आणि तो तसाच खाली आणला.

"हो," त्या म्हणाल्या. "पाच मिली भरायचे आणि अर्धं परत बाटलीत सोडायचे. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, थोडं तरी कमी जाईल तिच्या पोटात."

"आणि त्यानं ताप उतरायचा नाही."

"नाही उतरायचा. रात्रभर कण्हायची."

ललितनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिला ते आज पहिल्यांदाच भेटत होते.

"पण सकाळी ती पाळणाघरात गेली तेव्हा अंग गार होतं," प्रतिभाताई पुढे म्हणाल्या. "हर्षालींनी सकाळी औषध दिलेलं नव्हतं. मनीषाताईंनीही नाही. ललितना औषधाचा डबा कुठे आहे हेच माहीत नाही. तरी ताप उतरला. सकाळी उठल्यावर, दार ओलांडायच्या आधी कुणीतरी काहीतरी दिलं. त्यात हळद होती, लाळेऱ्यावर सांडली होती. ते कडू होतं आणि बोटानं चाटवलेलं होतं. गोदाला त्याची इतकी सवय झालीय की इथेही ती सिरिंजला तोंड मिटते आणि बोटाला उघडते."

"गुटी," हर्षाली पुटपुटल्या. "आई, मी बंद करायला सांगितलं होतं ना?"

"तू ते मुळकं पिशवीत भरून टाकायला दिलं व्हतं. मला टाकवलं नाय." चंद्रभागाबाईंचा आवाज अजून ठाम होता. "गुटीनं कुणाचं वाईट झालं सांगा. ललितला तीन वरसं दिली मी."

"मुळ्यांनी हे नाही झालं," प्रतिभाताई म्हणाल्या. "आई, जराशी मदत करा. हळकुंडाचे तुम्ही किती वेढे देता?"

"आता मोठी झाली. चार."

"द्या बरं चार."

चंद्रभागाबाईंनी सवयीनं सहाणेवर पाण्याचा थेंब टाकला आणि हळकुंड गोल गोल चारदा फिरवलं. दगडावर पिवळी, पाण्यासारखी पातळ रेघ उमटली. हळकुंड होतं तेवढंच राहिलं.

"आता ही गोळी. हिचेही चारच देता ना?"

चंद्रभागाबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग प्रतिभाताईंकडे. त्यांनी गोळी उचलली आणि तशीच, त्याच चिमटीत धरून, चार वेढे दिले.

हळकुंड ही वाळलेली, दगडासारखी मुळी. गोळी मात्र पाण्यात विरघळावी म्हणूनच केलेली असते. पहिल्या वेढ्यात ती मऊ झाली आणि तिसऱ्यात तिचा चुरा पडू लागला. चौथा झाला तेव्हा सहाणेवर पांढरा लगदा होता आणि बोटांत अर्धी गोळी.

"ही मोठ्या माणसाची गोळी आहे," प्रतिभाताई शांतपणे म्हणाल्या. "हिची अर्धी म्हणजे गोदाला एका वेळी चालेल त्याच्या दुपटीहून जास्त. आणि गुटी दिवसातून..."

"ताप व्हता म्हणून तीनदा देत व्हते," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्या अजून हातातल्या अर्ध्या गोळीकडेच बघत होत्या. "मी म्हणलं, चार वेढे म्हणजे नखभर. जायफळाचे चार वेढे दिले तर जायफळ सहा महिने पुरतं. म्हणलं सुनेच्या औषधापरीस कमीच जाईल."

"उरलेली अर्धी तुम्ही घेत होतात. म्हणून तुमचे गुडघे या आठवड्यात जास्त दुखले."

"वाया कशाला घालवायची?"

"आई, पण का?" ललितचा आवाज फाटला. "हर्षाली देत होती ना औषध!"

"कुठं देत व्हती?" चंद्रभागाबाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "मी वट्यापाशी उभी राहून बघायचे. भरायची, आणि अर्धं परत बाटलीत. पोरगी निखाऱ्यावाणी तापायची. तुला सांगितलं असतं तर तू तिच्यावर धावून गेला असतास. तिला बोलले असते तर ती म्हणाली असती, सासू औषधात तोंड घालती. म्हणून म्हणलं, कुणाला न बोलता आपणच थोडी भर घालावी."

पांढरा लगदा सहाणेवर वाळायला लागला होता. चंद्रभागाबाईंनी तो पदरानं पुसायला घेतला. प्रतिभाताईंनी त्यांचा हात धरला.

"मी मारली असती पोरीला," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

योगेश पुढे आले. "मारलेली नाही, आजी. आजचे रिपोर्ट कालच्यापेक्षा चांगले आहेत. लहान मुलांचं यकृत सावरतंही लवकर. पण हे कळलं नसतं, तर ती चांदवडला गेली असती."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. गोदा चांदवडला गेली असती. तिथे पुन्हा कधी तरी तिला ताप आला असता, आणि तिथे सहाण होती, गोळ्यांचं पाकीट होतं, विचारणारं कुणी नव्हतं. ललित खुर्चीत बसले. त्यांनीच ठरवलं होतं ते.

"ललित, मला एस्टीत बसवून दे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "एकटीलाच."

"आई, तुम्ही कुठेही जात नाही," हर्षाली म्हणाल्या. त्यांच्या स्वरात गोडवा नव्हता. राग होता आणि तो त्या लपवत नव्हत्या. "तुम्ही गोळी उगाळलीत ते मी विसरणार नाही. पण मी रोज अर्धं परत ओतत होते, आणि ते या घरात फक्त तुम्हाला दिसलं. मला तेव्हा कुणीतरी हात धरायला हवं होतं."

"माझ्या हातात परत औषध देऊ नको, पोरी."

"नाही देणार. औषध मी देईन किंवा हे देतील, तिसरं कुणी नाही, आणि ज्यानं दिलं त्यानं दुसऱ्याला सांगायचं. पण मी परत ओतायला लागले, तर तुम्ही मला तोंडानं सांगायचं. मी चिडले तरी सांगायचं."

चंद्रभागाबाईंनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्यांनी पुरचुंडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि सुनेच्या पुढ्यात सरकवली.

ललित घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, मला दाखवा. ती सिरिंज कशी भरायची ते."

"दाखवते. त्याआधी एक सांगा. लहान मुलाची मात्रा वयावर ठरत नाही, वजनावर ठरते. गोदाचं वजन किती?"

ललितनी हर्षालींकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं नाही. आईकडे पाहिलं, तर त्या खाली बघत होत्या. दोघींनाही माहीत होतं.

"वॉर्डात काटा आहे," प्रतिभाताई म्हणाल्या.

ललित उठले. वॉर्डाबाहेर काचेच्या खिडकीपाशी हर्षाली आणि चंद्रभागाबाई एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या. तिथून वॉर्डातला काटा दिसत होता. तृप्तीनं सलाईनची नळी सांभाळली आणि ललितनी गोदाला काट्याच्या पाळण्यात ठेवलं. गोदानं पाय झाडले, भोकाड पसरलं आणि बापाचा शर्ट पकडला. ललितनी तिची मूठ हलकेच सोडवली, हात पाठीमागे घेतले आणि वाकून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून राहिले.